काकू आत होत्या

दार आतून लावलेलं होतं आणि आत तंबोरा वाजत होता.

त्यात नवल काही नव्हतं. आमच्या संगीत विभागातलं कुठलं ना कुठलं दार कायम लावलेलं असायचं. एका खोलीतला तबला दुसऱ्या खोलीतल्या सतारीवर चढू नये म्हणून. मी चित्राला जेवायला बोलवायला आले होते. मेस एकदा बंद झाली की संध्याकाळपर्यंत काही मिळत नसे, आणि पोरगी सकाळपासून उपाशी होती. युवक महोत्सवाला विद्यापीठाकडून तिला पाठवायचं ठरलं होतं. त्यासाठी पळसुले गुरुजी तिला दुपारची वेगळी तालीम देत.

मी बाहेरच्या बाकावर बसले. म्हटलं, बंदिश संपली की दार वाजवावं. विजेवरचा तंबोरा तेव्हा नुकताच आला होता. बटण दाबलं की पेटी आपली वाजत राहायची, कुणी छेडायला नको. ती वाजत होती आणि मी चित्राच्या आवाजाची वाट बघत होते. षड्ज लागेना. म्हटलं, गुरुजी काही समजावत असतील. पण बोलण्याचाही आवाज नव्हता. नुसता तंबोरा.

मग आत काहीतरी पडलं. तारांचा एकदम झणकारा झाला, आणि त्याच्यामागून एक आवाज आला. तो चित्राचा होता, पण गाण्यातला नव्हता.

मी उठून दार वाजवलं.

"कोण आहे?" गुरुजींचा आवाज. "तालीम चालू आहे."

"गुरुजी, मी हेमा. चित्राला जेवायला..."

"नंतर."

"चित्रा!" मी हाक मारली. उत्तर नाही. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी दोन्ही हातांनी दार बडवायला लागले. "चित्रा! ए चित्रा! दार उघड!"

कडी निघाली. दार अर्धंच उघडलं आणि त्या फटीतून चित्रा बाहेर आली. ओढणी नव्हती. डाव्या मनगटात बांगड्या फुटून काच रुतली होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. तिच्या खांद्यावरून मला गुरुजी दिसले. सदऱ्याची बटणं लावत होते. चेहऱ्यावर काही नाही. शांतपणे म्हणाले, "तिला घेऊन जा. आज तिचं लक्ष नाही."

मी वळले तर व्हरांड्याच्या टोकाला शब्बीरभाई उभे होते. विभागात तबल्याच्या साथीला तेच बसत. बडवण्याचा आवाज ऐकून आले असावेत. त्यांनी चित्राकडे पाहिलं, रक्ताकडे पाहिलं, आणि तसेच मागे फिरून तबल्याच्या खोलीत गेले.

ही गोष्ट आम्ही बी.ए. संगीतच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची. विद्यापीठाचं नाव घेत नाही. मी मेहकरची, हेमलता दांदळे. वडील गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गाणं मला त्यांच्या भजनी मंडळातून मिळालेलं, म्हणजे आवाज होता आणि शिस्त नव्हती. चित्रा अढाऊ दर्यापूरची. तिच्याकडे दोन्ही होतं. पहिल्या वर्षापासून आम्ही एका खोलीत राहत होतो. पहाटे ती खर्ज लावायची तेव्हा मी पांघरुणात पडल्या पडल्या ऐकायची आणि मला कळायचं की हे आपल्याच्यानं होणार नाही. त्याचं वाईट वाटत नसे. एखादी नदी आपल्यापेक्षा मोठी आहे याचं कुणाला वाईट वाटतं?

खोलीवर मी तिच्या हातातली काच काढली. हळद लावली, फडकं बांधलं. तेव्हा ती म्हणाली, "पहिल्यांदा नाही हे."

"म्हणजे?"

"दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू झालं. आधी नुसतं पाठीवर हात. श्वास कुठून घेतेस ते बघू म्हणायचे." ती भिंतीकडे बघून बोलत होती. "मला वाटलं, शिकवण्याचीच रीत असेल."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? दुसरा गुरू आहे का इथे?"

दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, की तक्रार करायची. मी म्हटलं नव्हतं, हे सांगून ठेवते; पुढे कुणी कुणी म्हणालं की हेमानं तिला भरीला घातलं. ती उठून बसली आणि म्हणाली, "तू पाहिलंस ना? तू सांगशील ना? एकटीचं कुणी ऐकणार नाही."

"सांगीन."

"नक्की?"

"अगं, सांगीन म्हटलं ना."

आम्ही दोघी अधिष्ठात्यांकडे गेलो. तिनं लिहून दिलं. त्या काळी अशा गोष्टींसाठी वेगळी समिती वगैरे नसायची. अधिष्ठाता स्वतः, एक उपकुलसचिव आणि गृहविज्ञानच्या एक बाई अशी तिघांची चौकशी नेमली. विभागात बातमी पसरायला दुपार पुरली. मुली माझ्याशी बोलेनाशा झाल्या. मुलं एकमेकांना कोपरानं ढोसायची. गुरुजी मात्र नेहमीसारखे येत, नेहमीसारखे शिकवत. मला वर्गात बघून एकदा म्हणाले, "दांदळे, तुझा मध्यम अजून उतरतो आहे. लक्ष दे." खरंच उतरत होता.

चौकशीच्या आदल्या दुपारी वसतिगृहावर पळसुलेकाकू आल्या. गुरुजींच्या पत्नी. आम्ही सगळ्या मुली त्यांना ओळखायचो. गुरुपौर्णिमेला त्यांच्याकडे शिरापुरी असायची आणि त्या स्वतः पंगतीत वाढायच्या. कमी बोलायच्या. त्या दिवशी चित्रा खोलीत नव्हती. दर्यापूरहून तिचे वडील आले होते, त्यांना भेटायला ती गेली होती. काकू दारात उभ्या राहिल्या. मी खुर्ची पुढे केली तर बसल्या नाहीत.

"तू हेमलता ना?"

"हो, काकू."

मला वाटलं, आता रडतील, नाही तर पदर पसरतील. मुलीचं लग्न ठरलंय, घराची अब्रू जाईल, असलं काही. मी मनात उत्तर जुळवत होते. त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तंबोरा चालू होता?"

मी चमकले. तंबोऱ्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यात सांगण्यासारखं आहे, असं मला वाटलंच नव्हतं.

"हो. चालू होता."

"आणि गाणं?"

"गाणं नव्हतं."

त्यांनी डोळे मिटले. मग पदर खांद्यावर नीट केला. "उद्या सांगणार आहेस?"

"हो."

"जे पाहिलंस तेवढंच?"

"तेवढंच. जास्तीचं एक अक्षर नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी चित्रा आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "काकू आपल्या बाजूनं आहेत. मला खात्री आहे. त्यांना माहीत आहे गं सगळं." चित्रा डोकं दुखतंय म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी आम्हाला आधी वेगवेगळं बोलावलं आणि नंतर एकत्र. अधिष्ठात्यांच्या खोलीत मोठं टेबल होतं. एका बाजूला ते तिघं, समोर आम्ही. गुरुजी खिडकीपाशी बसले होते, पाहुण्यासारखे. शब्बीरभाईंना आधीच विचारून झालं होतं. ते म्हणाले होते, त्या वेळी मी चहाला बाहेर गेलो होतो.

मी पाहिलं ते सांगितलं. दार, पडण्याचा आवाज, रक्त, बटणं.

मग काकूंना आत बोलावलं.

त्या चित्राच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. अधिष्ठात्यांनी अदबीनं विचारलं, "वहिनी, आपण काही सांगू इच्छिता असं कळलं."

"हो. मी तिथेच होते."

"कुठे?"

"खोलीत. मी डबा घेऊन गेले होते. वाऱ्यानं दार आपटत होतं म्हणून कडी मीच लावली. स्वरमंडळ उचलताना चित्राच्या हातून निसटलं, त्यात बांगड्या फुटल्या. पोर घाबरली. एवढंच झालं."

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. मी उभी राहिले. "खोटं आहे हे! काकू नव्हत्या तिथे!"

"बसा," गृहविज्ञानच्या बाई म्हणाल्या. "तुम्ही खोलीत आत गेला होता का?"

"नाही. दारातच..."

"दार पूर्ण उघडलं होतं?"

"अर्धं."

"मग दाराआडचा कोपरा तुम्हाला दिसत होता का?"

मी काकूंकडे पाहिलं. त्या टेबलाच्या लाकडाकडे बघत होत्या. खोटं बोलायचंच असतं तर मला तिथे बोलता आलं असतं. सगळी खोली मला दिसत होती, असं म्हणायचं, बस्स. पण मी सांगायला आले होते ते जे पाहिलं तेवढंच.

"नाही," मी म्हटलं. "कोपरा दिसत नव्हता."

उपकुलसचिवांनी काहीतरी लिहून घेतलं. अधिष्ठाता चित्राकडे वळले. "अढाऊ, तुम्ही सांगा. पळसुलेवहिनी आत होत्या?"

चित्राचा पट्टी बांधलेला हात मांडीवर होता. मला वाटलं, ती आता उठेल. तिच्या आवाजात एवढी ताकद होती, की तारसप्तकात गेली की खिडकीची तावदानं थरथरायची. त्या आवाजात तिनं एकदा "नाही" म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

"हो," ती म्हणाली. "काकू आत होत्या."

"मग ही तक्रार?"

"माझा गैरसमज झाला."

मी खोलीवर परत आले तेव्हा तिची खाट रिकामी होती. गादी गुंडाळलेली. कपाटातलं सामान, देवाचा फोटो, कंगवासुद्धा नेलेला. ती दुसऱ्या मजल्यावर राहायला गेली होती. जिन्यात भेटली तेव्हा मी वाट अडवली.

"का?"

तिनं मान वर केली नाही. "जाऊ दे मला, हेमा."

"का, ते सांग आणि जा."

"मला गायचंय," ती म्हणाली आणि माझ्या बाजूनं निघून गेली.

विद्यापीठानं मला सांगितलं, की एका ज्येष्ठ कलावंतावर खोटा आळ घेतल्याबद्दल लेखी माफी मागा, विषय मिटेल. माझ्या वडिलांनाही बोलावून घेतलं. ते रात्रभर प्रवास करून आले आणि विभागासमोरच्या कट्ट्यावर माझ्याशेजारी बसले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांना अशा ठिकाणी कुठे हात ठेवावे ते कळत नसे.

"मले एक सांग," ते म्हणाले. "तू पाह्यलं का?"

"पाह्यलं, बाबा."

"आपल्या डोळ्यानं?"

"आपल्या डोळ्यानं."

"मंग माफी कायची?" त्यांनी खिशातून सुपारी काढली, हातात धरून बसले, खाल्ली नाही. "पण हे लोक तुले पास नाही होऊ देनार, बाई. हे बी पाह्यजो."

"माहीत आहे."

"तीन वर्सं गेली."

"हो."

ते उठले. आत जाऊन त्यांनी अधिष्ठात्यांना हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, पोरगी माफी नाही मागत." परत येताना मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी झटकला.

त्याच आठवड्यापासून काकू विभागात यायला लागल्या. रोज गुरुजींबरोबर रिक्षातून उतरायच्या. शिकवण्याच्या खोलीत भिंतीला लावून एक खुर्ची ठेवली होती, तिच्यावर बसायच्या आणि मांडीवर कापूस घेऊन वाती वळायच्या. तालीम संपेपर्यंत उठायच्या नाहीत. मुली म्हणायच्या, बघा, हेमामुळे बिचाऱ्या काकूंना पहारा द्यावा लागतोय. नवऱ्याला अशा पोरींपासून जपायला. मलाही तसंच वाटलं. व्हरांड्यातून जाताना मी एकदा मुद्दाम थांबून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही. वात वळत माझ्याकडे बघत राहिल्या. त्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. काय होतं ते मला उमगलं नाही.

लेखी परीक्षा झाल्या. प्रात्यक्षिक परीक्षा गायनाची, दोन परीक्षकांसमोर. आतले परीक्षक स्वतः पळसुले गुरुजी. बाहेरून येणारे त्यांचे गुरुबंधू. मी शब्बीरभाईंच्या घरी गेले. ते अंगणात तबल्याचे लाकडी गट्टे ठोकत, स्वर जुळवत बसले होते.

"भाई, माझ्या साथीला बसाल ना?"

ते हातोडी खाली ठेवून म्हणाले, "बेटा, माझी नेमणूक दरवर्षी नवी होते. कागदावर सही कुणाची लागते, ठाऊक आहे तुला."

"तुम्ही पाहिलं होतं, भाई."

"हां." त्यांनी तबल्यावर तळहात ठेवला, वाजवला नाही. "पाहिलं होतं. जा तू. दुसरा कुणी बघ."

दुसरं कुणी मिळालं नाही. विभागात तबला शिकणारी सात-आठ मुलं होती. कुणाला ताप आला, कुणाची आजी वारली.

परीक्षेला मी एकटी गेले. मुलतानी निवडला होता, दुपारची वेळ होती म्हणून. माझा हात तंबोऱ्याच्या तारेवर घामानं घसरत होता. गुरुजी समोर गादीवर बसले होते, बाजूला गुरुबंधू. भिंतीपाशी काकू.

"साथ?" पाहुण्यांनी विचारलं.

"नाही आली," मी म्हटलं.

पाहुण्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी माझ्याकडे बघून हसले, अगदी प्रेमानं. "गा, बाळ. हातानं ताल दे."

विलंबित एकताल हातानं देत ख्याल गाणं म्हणजे काय, ते ज्यानं केलंय त्याला विचारावं. एका मात्रेपासून दुसरी मात्रा म्हणजे मैलभर रान. ठेका असला की ते रान भरलेलं असतं. तो नसला की आपणच चालायचं आणि आपणच वाट आखायची. मी एका हातानं तंबोरा छेडत होते, दुसऱ्या हातानं मांडीवर ताल देत होते. पहिली सम आली. चुकली नाही. दुसरीही आली. मी डोळे मिटले. त्या दिवशी माझा मध्यम उतरला नाही. मला कळत होतं, की मी आयुष्यात एवढं चांगलं गायले नव्हते आणि या खोलीत त्याचा काही उपयोग नव्हता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवून गाणं फार कठीण असतं. मी गायले.

संपल्यावर पाहुणे पेन उघडबंद करत होते. मग गुरुजी म्हणाले, "आवाज बरा आहे. पण साथीशिवाय लयीचे गुण कसे द्यायचे, सांग बघू? नियम आहे."

मी तंबोरा खाली ठेवला, नमस्कार केला नाही, आणि उठले. दारापाशी काकूंच्या खुर्चीजवळून जाताना त्यांचा हात पुढे आला. माझ्या ओढणीला लागला. धरायला आला होता की नुसता लागला, कळलं नाही. मी थांबले नाही.

नापास झाले. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं, तेच दोन परीक्षक असते. गेले नाही. चित्रा विद्यापीठात पहिली आली. पुढे तिथेच एम.ए., तिथेच नोकरी.

मी मेहकरला परत आले. काही वर्षं गाण्याला हात लावला नाही. मग शेजारच्या दोन मुली शिकायला यायला लागल्या, त्यांच्या मागून आणखी. घरातल्या पुढच्या खोलीत क्लास सुरू झाला. मुलींना संगीताच्या बाहेरच्या परीक्षांना बसवायला लागले. लग्न झालं, मोडलं, त्याची कथा वेगळी आहे आणि त्याला गाणं कारण नव्हतं. वडील गेले. पळसुले गुरुजी गेल्याचं वर्तमानपत्रात वाचलं. शिष्यांच्या गर्दीचा फोटो होता.

बऱ्याच वर्षांनी आमच्या गावच्या परीक्षा केंद्रावर बाहेरून परीक्षक आल्या, त्या डॉ. चित्रा अढाऊ. मला आधी माहीत नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये माझ्या मुली रांगेत बसल्या होत्या आणि ती गाडीतून उतरली. केस पांढरे झालेले, जाड चष्मा. मला बघून जागच्या जागी थांबली. परीक्षा तिनं रीतसर घेतली. दुपारी म्हणाली, "तुझ्याकडे जेवायला येऊ?"

मी पिठलं-भाकरी केली. तिनं ताटात हात घातला नाही.

"काकू गेल्या," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात."

"बरं."

"त्यांनी मला शपथ घातली होती. त्या असेपर्यंत तुला सांगायचं नाही म्हणून."

मी भाकरी मोडत राहिले. म्हटलं, बोलायचंय तिला तर बोलू दे.

"त्या दिवशी तुझ्याकडून निघाल्या त्या सरळ धर्मशाळेत आल्या. माझे वडील तिथे उतरले होते. वडिलांनी ठरवलंच होतं, मला घेऊन जायचं आणि वैशाखात आतेभावाशी लग्न लावायचं. गाणं बंद. काकू म्हणाल्या, चौकशीत काही होणार नाही. त्या तिघांतले दोघं ह्यांच्याच मैफलीला पहिल्या रांगेत बसतात. तू हरशील, घरी जाशील, आणि हा माणूस पुढच्या वर्षी दुसरी मुलगी घेऊन बसेल. त्यापेक्षा मी म्हणते की मी आत होते. तू हो म्हण. बोभाटा मिटला की वडील नेणार नाहीत, तुझं शिक्षण पुरं होईल. आणि मग मी खरोखरच आत बसेन."

मी तिच्याकडे पाहिलं.

"बसल्या, हेमा. गुरुजी निवृत्त होईपर्यंत. ताप असला तरी यायच्या. एकदा पाय मोडला होता, प्लास्टर घालून यायच्या. त्यानंतर एकाही मुलीला गुरुजींनी हात लावला नाही. लावता आलाच नाही. आणि काकूंनी गुरुजींना एकदाच सांगितलं होतं, की मला खुर्चीवरून उठवलंत तर चौकशीत जे बोलले ते परत घेईन."

बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालू होत्या. मला काकूंचा तो तंबोऱ्याचा प्रश्न आठवला. मी विचारलं, "काकू पण त्यांच्याकडेच शिकल्या होत्या ना?"

"हो. लग्नाआधी."

मी हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"आणि माझं?" मी म्हटलं. "धर्मशाळेत माझं नाव निघालं की नाही?"

तिनं चष्मा काढला. "मी विचारलं काकूंना. हेमाचं काय होईल म्हणून. त्या म्हणाल्या, ती धीट आहे. ती सावरेल."

मी ऐकलं. मनात म्हटलं, म्हणजे मी भित्री असते तर वाचले असते. व्यवहार चोख होता. एका बाजूला चित्राचं गाणं, पुढच्या इतक्या सगळ्या मुली. दुसऱ्या बाजूला मी. तराजूत घातलं तर कुणीही हेच केलं असतं. मीही कदाचित.

"मला विचारलं असतंत," मी म्हटलं, "तर मी हो म्हटलं असतं."

चित्रा रडायला लागली. "खरंच?"

"ते आता कसं सांगणार? मला कुणी विचारलंच नाही."

ती बराच वेळ रडत होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. ताट तसंच राहिलं. जाताना दारात म्हणाली, "मी तुझ्यासाठी काय करू, ते सांग. काहीही."

"काही नको," मी म्हटलं. "गाडी थांबलीय तुझी."

महिन्याभरानं निकाल लागला. माझ्या सगळ्या मुली पहिल्या वर्गात पास झाल्या होत्या. त्यांत एक बोबडेंची मुलगी होती. गोड पोर, पण तिला सूर लागायचा नाही आणि ताल तर अजिबातच नाही. परीक्षेच्या दिवशी ती तीनतालातसुद्धा दोनदा सम चुकली होती. मी हॉलबाहेर उभं राहून ऐकलं होतं. तिलाही पहिला वर्ग, वर विशेष प्रावीण्य. खाली परीक्षक म्हणून चित्राची सही.

संध्याकाळी तिची आई पेढे घेऊन आली. "बाई, आता हिला तिकडे विद्यापीठात पाठवतो, गाण्यात बी.ए. करायला," ती म्हणाली. पोरगी तिच्यामागं उभी होती, लाजून, आनंदानं लाल झालेली.

मी पेढा घेतला. बसा म्हटलं. आणि पोरीला तंबोऱ्याजवळ बोलावून म्हटलं, "षड्ज लाव."